दहावर मारलेला चेंडू

सोमवारी शॉर्टीला शहरातल्या वृद्धनिवासात नेणार होते. म्हणजे माझ्या हातात हा एकच शनिवार उरला होता, आणि त्यात मला त्याच्याकडून एक उत्तर काढून घ्यायचं होतं. चाळीस वर्षं मी ते मागतोय. डोकं ठिकाणावर होतं तेव्हा त्यानं ते दिलं नाही, आणि आता द्यायचं म्हटलं तरी त्याला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही.

शॉर्टी म्हणजे गार्थ ट्रेगेन्झा. उंची साडेसहा फुटांना दोन बोटं कमी. आमच्या पोर्ट हॅरोमध्ये ताडमाड माणसाला शॉर्टी म्हणतात, टकल्याला कुरळ्या म्हणतात, आणि मी एकदा बोलायला लागलो की थांबत नाही म्हणून मला मुक्या म्हणतात. माझं खरं नाव कॉलिन नॅनकिवेल. ते फक्त शॉर्टीची बायको इव्हॉन घेते, तेही रागावली की.

आमच्याकडचा फुटबॉल हातापायांनी खेळतात, आणि त्यात शॉर्टी रकमन आणि मी त्याचा रोव्हर. पंच चेंडू जमिनीवर आपटतो, चेंडू उंच उसळतो आणि दोन्ही बाजूंचे दोन उंच गडी त्याच्यावर झेपावतात. ते रकमन. चेंडू पकडणं हे त्यांचं काम नाही. हवेतल्या हवेत बोटांनी थोपटून तो खाली आपल्या रोव्हरच्या ओंजळीत घालायचा, बस. आम्ही घड्याळाची भाषा वापरायचो. आमचा गोल म्हणजे बारा. उडी मारायच्या आधी शॉर्टी तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटायचा, दोन किंवा चार किंवा सात, की मी मान वर न करता त्या दिशेला सुटायचो आणि हात पुढे करायचो. चेंडू हातात यायचा. दुसऱ्या संघाचा पाय मध्ये असो, पाऊस असो, शॉर्टीच्या कंबरेत कुणाचा गुडघा असो, चेंडू यायचाच.

तो जेटीवर बार्लीची पोती वाहत होता तेव्हा शहरातल्या क्लबचा माणूस गाडी घेऊन आला. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं दोन पॅस्टी, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, हाणल्या आणि पोराला मागितलं. शॉर्टी म्हणाला, "मुक्या येणार नसेल तर मी तिथं चेंडू मारू कुणाकडे?" त्या माणसानं माझ्याकडे वरून खाली बघितलं, खालपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि सुस्कारा सोडून मागचं दार उघडलं. माझी सगळी कारकीर्द त्या एका वाक्यावर झाली. शहरात आम्ही तीन अजिंक्यपदं जिंकली. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक शॉर्टीला दोनदा मिळालं. दोन्ही वेळा व्यासपीठावर जाऊन तो म्हणाला की खालचं काम मुक्या करतो, मी नुसता उंच आहे. लोक हसले. मला मात्र रडू आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि आम्ही गावी परतलो. गावानं त्याला कप्तान केलं, प्रशिक्षकही केलं. पहिल्याच वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर टिकेरा, म्हणजे आमच्या शेजारचं गाव, ज्यांच्याशी आमचं लग्नातसुद्धा पटत नाही.

त्या दिवसाचं मला नीट काही सांगता येत नाही, आणि तीच तर माझी गोची आहे. उत्तरेचा वारा सुटला होता. चार क्वार्टरांतल्या तिसऱ्याच्या शेवटी लाल धूळ अशी उठली की कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्यांतल्या लोकांनी काचा वर घेतल्या. कुणी गोल केला तर नेहमीसारखे हॉर्न वाजायचे, पण कुणाच्या नावानं वाजताहेत ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. मला कुणाचं तरी कोपर कानशिलावर बसलं. पर्सी, आमचा मालिशवाला ट्रेनर, ओला स्पंज घेऊन माझ्यावर वाकलेला आठवतो. मग मी पुन्हा मैदानाच्या मधोमध उभा आहे, आम्ही चार गुणांनी पुढे आहोत आणि शेवटचा चेंडू आपटायला पंचानं हात वर केलाय, हे आठवतं. मधलं सगळं धुळीत गेलं. डाव्या कानानं मला तेव्हापासून कमी ऐकू येतं, तेही मी धुळीच्याच खात्यावर टाकलं.

शॉर्टीनं वळून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो काही पुटपुटला नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. घरात चोर बघितल्यासारखा चेहरा. मी आपला सवयीनं चारच्या बाजूला सरकलो. चेंडू उसळला, शॉर्टी दुसऱ्या रकमनच्या खांद्याच्या वर गेला, चेंडू त्याच्या एकट्याचा होता. आणि त्यानं तो दहावर मारला. थोपटला नाही, मूठ वळून हाणला. माझ्या बरोबर उलट्या बाजूला, जितका लांब जाईल तितका. तिथं टिकेराचा रोव्हर उभा होता. त्याच्या छातीवर चेंडू आदळला तेव्हा तो बिचारासुद्धा दचकला. मग त्यानं लाथ घातली, गोल झाला, सहा गुण, आणि भोंगा वाजला.

गावानं शॉर्टीला सोडलं नाही. कुणी म्हणालं, डोळ्यांत धूळ गेली. कुणी म्हणालं, टिकेराच्या पबवाल्यानं त्याला फितवलं. कप्तानपद गेलं, प्रशिक्षकपद गेलं, आणि तो गावात टपाल वाटायला लागला तर लोक फाटकातून ओरडायचे, "शॉर्टी, पत्र तरी बरोबर घरात टाक रे!" पबमध्ये बिअर चुकीच्या टेबलावर गेली की आजही म्हणतात, शॉर्टीनं मारली वाटतं. तोही हसायचा. सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा.

मी हसलो नाही. माझ्या मनात ती गोष्ट कुठंतरी अडकून राहिली. हा माणूस ज्याच्या हातात चेंडू घालत आला, त्याच्याकडेच त्यानं ऐन वेळी पाठ का फिरवली? मी चुकलो असतो असं त्याला वाटलं का? मी जेटीवर मासे धरताना विचारलं, त्याच्या मुलीच्या लग्नात विचारलं, माझी बायको वेंडी गेली त्या आठवड्यात दारू पिऊन विचारलं. दर वेळी एकच उत्तर, "हात घसरला, मुक्या." तो हात बारा वर्षं माझ्या डोक्यावर होता. तो घसरत नाही हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

तर तो शनिवार. अंतिम सामना आमच्याच मैदानावर, पोर्ट हॅरो विरुद्ध टिकेरा, इतक्या वर्षांनी पुन्हा. इव्हॉननं त्याला जुना क्लबचा कोट घातला होता आणि खिशात रुमाल खोचला होता. "कॉलिन, लक्ष ठेव हं," ती म्हणाली. "तो उठला की तूही ऊठ."

"तू रागावलीयस का?"

"नाही. का?"

"कॉलिन म्हणालीस."

"मी दमलेय," ती म्हणाली आणि पॅस्टी आणायला गेली.

आम्ही कुंपणापाशी घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. मागच्या बाकावर डग पोलकिंगहॉर्न आणि बारका होलिस, दोघेही त्या दिवशीच्या संघातले, आणि दोघांचं त्या दिवसापासून सुरू असलेलं भांडण पुन्हा रंगलं होतं.

"मी शेवटपर्यंत मैदानात होतो," डग म्हणाला.

"मग पर्सीनं मला शेवटच्या क्वार्टरला कुणाच्या जागी आत ढकललं? हवा खायला?" होलिस आमचा राखीव गडी होता. त्या काळी राखीव गडी आत गेला की ज्याच्या जागी गेला तो संपला, परत यायचं नाही.

"ते मला काय माहीत! पण माझ्या जागी नाही."

"तुझ्याच जागी. नाहीतर आपण एकोणीस झालो असतो. टिकेराच्या कप्तानानं मोजणी मागितली असती, आणि अठराच्या वर एक डोकं जरी निघालं असतं तर आपले होते नव्हते ते सगळे गुण पुसले असते. मागितली का त्यानं मोजणी?"

"धुळीत त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते, तो डोकी काय मोजणार?"

मी ऐकत नव्हतो. हे भांडण मला पाठ होतं. मी शॉर्टीच्या डाव्या बाजूला सरकलो, म्हणजे तो बोलला तर माझ्या चांगल्या कानात पडावं. "शॉर्टी," मी म्हटलं, "टिकेराबरोबरचा तो सामना आठवतो? शेवटचा चेंडू?"

"किती मागे आहोत आपण?"

"आज? आज पुढे आहोत. मी तेव्हाचं विचारतोय."

"वेंडी बरी आहे ना?"

वेंडीला जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं, "बरी आहे." मग म्हटलं, "शॉर्टी, दहावर का मारलास?"

त्यानं माझ्याकडे मान वळवली. मी चांगला कान पुढे केला. मग तो म्हणाला, "तुमचं टपाल मी फाटकातच ठेवलंय, साहेब." आणि मैदानाकडे बघायला लागला. मला इतका राग आला की मी उठून चार पावलं चाललो आणि परत येऊन बसलो. राग कुणावर काढायचा? ज्यानं उत्तर लपवलं होतं तो माणूस निघून गेला होता आणि त्याचा कोट घालून हा दुसराच कुणी माझ्या शेजारी बसला होता.

तिसरा क्वार्टर संपला. आमच्याकडे त्या मधल्या सुट्टीत सगळं गाव मैदानात उतरतं. पोरं, कुत्री, म्हाताऱ्या, सगळे खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभे राहून प्रशिक्षकाच्या शिव्या ऐकतात. आम्हीही गेलो. शॉर्टी घोळक्याच्या कडेला मान वाकवून उभा राहिला, ऐकता ऐकता मान हलवत होता, आणि मला वाटलं, चला, खूश आहे. मग घंटा झाली, लोक पांगले, मला कुणीतरी हाताला धरून काहीतरी विचारलं, मी नको तितकं उत्तर दिलं, आणि कुंपणापाशी येऊन बघतो तर शेजारची खुर्ची रिकामी.

तो मैदानाच्या मधोमध उभा होता. कोट काढून त्यानं गवतावर घडी घालून ठेवला होता आणि शर्टाच्या बाह्या वर करत होता. पंच चेंडू घेऊन आला आणि त्याच्याकडे बघतच राहिला. पंच विशीतला, शॉर्टी पंचाहत्तरीचा, तरी वर मान करून बघावं लागलं पंचालाच. आमचे खेळाडू एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला काही सुचेना. त्याला हाकलायचं कुणी?

टिकेराचा कप्तान गमत्या होता. "पंच," तो मोठ्यानं ओरडला, "ह्यांचे एकोणीस झाले! मोजणी घ्या!"

कुंपणाभोवती हशा पिकला, दोन-तीन हॉर्नही वाजले. मी तोवर अर्ध्या वाटेत पोचलो होतो, माझ्या पायांना आता पळणं म्हणजे नुसती घाई. आणि 'मोजणी' हा शब्द ऐकून शॉर्टी गर्रकन वळला. त्याची नजर खेळाडूंवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. तोच चेहरा. घरात चोर बघितल्यासारखा.

"मुक्या!" तो म्हणाला. "तू आत कसा आलास?"

"तुला न्यायला आलोय. चल, इव्हॉन वाट बघतेय."

त्यानं माझी कॉलर धरली. त्या हातात अजून पोती उचलण्याचा जोर आहे. "पर्सी कुठाय? त्याला बजावलं होतं मी, ह्याला कपडे बदलायच्या खोलीतून हलू देऊ नकोस म्हणून! अरे, कानातून रक्त येतंय तुझ्या. तुझ्या जागी होलिसला घातलाय. तू खेळात नाहीस, कळतंय का गाढवा? तू बाहेर आहेस!"

मला आधी काहीच कळलं नाही. मी खरंच कानाला हात लावून बघितला. डाव्या कानाला.

"होलिस... माझ्या जागी?"

"शूः! हळू बोल. त्यांनी मोजणी मागितली तर आपण एकोणीस भरू. भरू दे, गुण जातील, खड्ड्यात गेले गुण. पण त्या गर्दीत तुझ्या डोक्याला आणखी एक बसला तर वेंडीला मी काय तोंड दाखवू? पोटुशी आहे ती." तो माझ्या तोंडाजवळ वाकला आणि पुटपुटला, अगदी तसाच, जसा आकडा पुटपुटायचा. "ऐक. मी चेंडू लांब मारतो. पार तिकडे. सगळे तिकडे धावतील, तेवढ्यात तू बाहेर पळ. आणि कुणाला सांगू नकोस. गावाला कळलं तर जन्मभर तुझं डोकं खातील, मुक्या. तुला नाही सहन होणार."

मी उभा होतो की बसलो होतो, मला ठाऊक नाही. मला वाटलं की धूळ उठलीय, पण आकाश निळं स्वच्छ होतं. ज्या दोन मिनिटांत मी कडेला बसून डोकं ओलं केलं असं मी चाळीस वर्षं समजत होतो, ती दोन मिनिटं नव्हतीच. तो जवळजवळ अख्खा क्वार्टर होता. मी खोलीत पडून होतो आणि अर्धवट शुद्धीत उठून पुन्हा धुळीत चालत आलो होतो. डग खरं बोलत होता. आत गेलो म्हणणारा होलिसही खरं बोलत होता. आणि मी, ज्यानं ह्या माणसाला जेटीवर, मांडवात, प्रेताशेजारी जाब विचारला, तो मी एकोणिसावा होतो.

"चल," शॉर्टी म्हणाला आणि माझ्या मानेवर हात ठेवून त्यानं मला मैदानाबाहेर चालवत नेलं. मी त्याला न्यायला आलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मुक्यानं म्हाताऱ्याला बरं सांभाळलं. टिकेराच्या त्या कप्तानानं शॉर्टीचा कोट उचलून आणून दिला आणि खाली मान घालून म्हणाला, "माफ करा, साहेब."

कुंपणापाशी शॉर्टीनं मला खुर्चीत बसवलं आणि इव्हॉनला दम भरला, "ह्याला उठू देऊ नकोस." मग तो पुन्हा मैदानाकडे वळला. खेळ सुरू व्हायचा होता आणि त्याला खेळायचं होतं. इव्हॉनच्या हातात पॅस्टीची पिशवी, तिला काय करावं कळेना. मी त्याचा शर्ट पकडला.

"कप्तान," मी म्हटलं, "जाऊ नकोस. माझं डोकं गरगरतंय."

हे खोटं नव्हतं. तो थांबला. माझ्याकडे नीट बघून तो शेजारच्या खुर्चीत बसला, कोटाच्या खिशातला रुमाल काढला, इव्हॉनच्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि माझ्या कानावर दाबून धरला. पाणी माझ्या कॉलरमधून आत गेलं. मैदानात चेंडू आपटला, गाव ओरडलं.

"तुला माहीत होतं?" मी इव्हॉनला विचारलं.

ती मैदानाकडेच बघत होती. "पॅस्टी गार होतेय," ती म्हणाली. मग पिशवीचं तोंड दुमडत म्हणाली, "तुझी केरी जन्मली त्या दिवशी हा घरी येऊन रडला होता. पबमध्ये कुणी काहीतरी बोललं असेल म्हणून रडतोय असं मला वाटलं. मी विचारलं, तर म्हणाला, नाही, पोर छान आहे. त्यापुढं मी विचारलं नाही, कॉलिन."

मला शॉर्टीला खूप काही सांगायचं होतं. माझं नाव मुक्या आहे, पण त्या वेळी माझ्या तोंडून खरंच शब्द फुटेना. मी त्याचं मनगट धरून बसलो. त्याच्या बोटांचे सांधे सुजलेत, दोन बोटं आता सरळ होत नाहीत.

तो एकदम कासावीस झाला. रुमाल तसाच धरून तो मैदानाच्या मधोमध बघत होता, तिथं आमचा नवा रकमन गुडघे वाकवून उभा होता. "मुक्या," तो माझ्या कानाशी म्हणाला, "पंचानं हात वर केलाय. मला काही सुचत नाहीये. चेंडू कुठं मारू?"

"दहावर मार, शॉर्टी," मी म्हटलं. "माझ्यापासून लांब."

त्यानं मान हलवली आणि रुमाल उलटा करून थंड बाजू माझ्या कानावर धरली.